गोऱ्या शिपायाच्या बोलीतले आमचे शब्द



आम्ही शाळेत असतानाची गोष्ट आहे. इंग्रजीच्या एका निबंधात आम्ही 'लूट' हा शब्द वापरला. मास्तरांनी तो तांबड्या शाईने खोडला, वर 'प्लंडर' असे लिहिले आणि सबंध वर्गासमोर विचारले, "शब्द अडला की मराठी घुसडतोस काय रे?" आम्ही मान खाली घातली. पुढे पुष्कळ वर्षांनी कोश चाळताना कळले की, तो शब्द इंग्रजी होता. म्हणजे मूळचा आपलाच, पण आता इंग्रजीही. तरी मास्तर अगदीच चुकले असे म्हणवत नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या एखाद्या सभ्य मास्तरानेही तो असाच खोडला असता. त्याने कारण एवढेच वेगळे दिले असते, की ही शिपाईगड्यांची बोली आहे, सद्गृहस्थांची नव्हे.

ह्या शिपाईगड्यांच्या बोलीविषयी आज बोलावयाचे आहे. इंग्रज तिला 'स्लँग' म्हणतो. आपल्याकडे तिला एकच नेमके नाव नाही. बाजारबोली म्हणा, छावणीची बोली म्हणा. राज्यकर्त्यांनी कचेरीत जे लिहिले ते इतिहासाचे साधन म्हणून आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो. त्यांची पलटण पालांत आणि बराकीत जे बोलत होती, त्याकडे आपले लक्ष जात नाही. आम्हांस मात्र असे वाटू लागले आहे की, कचेरीने पुष्कळदा जे झाकले तेच पलटणीच्या तोंडून निसटले आहे.

प्रारंभ आपल्या नागपुरापासूनच करू. कलकत्त्याच्या गोऱ्या माणसाला इतर गोरे चेष्टेने 'डिचर' म्हणत. 'डिच' म्हणजे खंदक, आणि डिचर म्हणजे खंदकवाला. हा खंदक कोणता? १७४२ साली रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून गेले. त्या धास्तीने कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीनएक मैल झाला, मराठे काही कलकत्त्यात आले नाहीत, आणि काम तसेच अर्धवट राहिले. पुढे तो बुजवून त्यावरून रस्ता नेला. खंदक गेला, पण 'मराठा डिच' हे नाव राहिले आणि त्यावरून कलकत्तेकर कायमचा 'डिचर' झाला. मुंबईकर गोऱ्याला 'डक' म्हणत; ते आपल्या बोंबलावरून, कारण सुक्या बोंबलाला साहेब 'बॉम्बे डक' म्हणे. मद्रासवाला 'मल' होता, तो तिकडच्या मिऱ्यांच्या पाण्यावरून, म्हणजे मुलिगटॉनीवरून. बंगालचा साहेब 'कोई है' ह्या नावानेही ओळखला जाई, कारण दिवसभर नोकरांना हाका मारण्याखेरीज त्याला दुसरे काम नसे असा समज होता.

डिचर हा शब्द ऐकून नागपुरकराची छाती थोडी फुगली तर नवल नाही. परंतु त्याच मोहिमांचा दुसरा एक शब्दही सांगितला पाहिजे. बंगाली आई मूल झोपवताना ज्यांची भीती घालते ते 'बर्गी' म्हणजे आमचेच बारगीर. आमच्या दप्तरांत ह्या स्वाऱ्यांना 'मुलूखगिरी' म्हटले आहे आणि वसुलीला 'चौथ'. ज्यांची शेते तुडवली गेली त्यांच्या अंगाईत मुलूखगिरी नाही, चौथही नाही. तेथे फक्त बर्गी आहेत. हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ, म्हणजे इंग्रजांविषयी बोलताना आपला तोल राहील.

ह्या सगळ्या बोलीचा मोठा कोश यूल आणि बर्नेल ह्या दोघांनी केला. तो १८८६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. बर्नेल बिचारे त्याआधी चार वर्षे वारले होते. कोशाचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा शोक गोऱ्या शिपायाच्या कानाला असा ऐकू आला, आणि त्याने त्यातून दोन इंग्रज गृहस्थ तयार केले! परक्या शब्दाला ओढूनताणून घरचा वेष चढविण्याच्या प्रकारालाच मग हे नाव पडले. आपल्याकडची पलटणही ह्यात मागे नव्हती. तिने रिक्रूटचा 'रंगरूट' केला, ड्रिलची 'दलेल' केली, सोल्जरचा 'सोजीर' आणि लॉर्डाचा 'लाट'. 'मोठा लाटसाहेब लागून गेलास!' असे आजही पोराला म्हणताना कोणत्याही आईला लॉर्ड डलहौसी आठवत नाही. आमच्या कामठीचे नावदेखील 'कँप-टी'वरून आले असे सांगणारे लोक भेटतात. १८२१ साली इंग्रजांनी तेथे छावणी वसविली एवढे खरे. त्या 'टी'वर आमचा विश्वास बसत नाही.

उलट बाजूने गेलेल्या किरकोळ शब्दांची यादी करीत बसलो तर रात्र पुरणार नाही. मुंगसाचा 'मंगूस' झाला, चिठ्ठीची 'चिट' झाली, 'देखो'चा 'डेको' झाला. मुंबईच्या डोंगरीतील जाड्याभरड्या कापडाची 'डंगरी' झाली आणि खलाशांच्या, कामगारांच्या अंगावर चढून जगभर फिरली. अशा शब्दांत मौज आहे. पण काही शब्दांना मौजेपलीकडचा इतिहास आहे, आणि त्यांतला एक आपल्या देवळालीचा आहे.

नाशिकजवळच्या देवळालीस १८६१ साली लष्करी तळ झाला. विलायतेहून येणारे आणि विलायतेस परतणारे सैनिक तेथे मुक्काम करीत. सैनिकांची जहाजे साधारणतः सप्टेंबरपासून मार्चपर्यंतच जात-येत. ज्याची नोकरी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर संपे, त्याने हंगाम उघडेपर्यंत देवळालीतच पडून राहावयाचे. पुष्कळ वर्षे पलटणीत काढलेला हा माणूस. आता त्याला कवाईत नाही, पहारा नाही, आणि घरीही जाता येत नाही. वर नाशिकचे ऊन, बाजारात स्वस्त दारू. कोणी भांडणे करून तुरुंगात जाई, कोणाला बाजारातले रोग जडत, आणि कोणी नुसता बसल्या जागी भ्रमिष्ट होई. अशा माणसाला त्याचे सोबती 'डूलॅली टॅप' झाला असे म्हणत. 'डूलॅली' म्हणजे देवळाली, आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप. देवळाली-ताप! देवळाची आठवण देणारे हे शांत गाव इंग्रजीत वेडाचे नाव होऊन बसले. आज इंग्लंडात एखादी आजीबाई चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधू लागली की, घरची मंडळी हसत म्हणतात, ही डूलॅली झाली. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल की, हे एका स्टेशनाचे नाव आहे, जेथे आजही गाडी थांबते आणि जेथे आता आपल्या सैन्याचे तोफखान्याचे विद्यालय आहे?

सरकारी अहवालात ह्या माणसांची संख्या असेल, आजारांचे रकाने असतील. परंतु सैनिकाला जहाजाची वाट बघत सहा महिने कुजत ठेवल्याने त्याचे डोके फिरते, हे निदान पलटणीने दोन शब्दांत करून ठेवले. त्यात दोष कोणाचा तेही आले, कारण तापाला तिने रोग्याचे नाव दिले नाही, ठाण्याचे दिले.

ह्या तळावर बसून तो ज्या घराची वाट पाही, त्यालाही त्याने शब्द आपलाच घेतला. 'ब्लायटी' म्हणजे इंग्लंड. मूळ शब्द विलायती. विलायत ह्या अरबी शब्दाचा अर्थ राज्य, प्रांत. आपण परदेशी वस्तूंना विलायती म्हणू लागलो: विलायती चिंच, विलायती कापड. सोडावॉटरला तर उत्तरेकडे विलायती पाणी म्हणत. गोऱ्याने हे ऐकले आणि आपल्या घराला तेच नाव दिले. म्हणजे आमच्या दृष्टीने जे परके, तेच त्याच्या दृष्टीने आपले. पहिल्या महायुद्धात खंदकातला प्रत्येक टॉमी हा शब्द बोलत होता. जिवावर न बेतता घरी पाठवील एवढीच जखम झाली, तर तिलाही 'ब्लायटी' म्हणत आणि अशी जखम झालेल्याचा इतरांना हेवा वाटे.

आता कचेरीने घडविलेला एक शब्द पाहू. मराठीत ठक म्हणजे फसविणारा. 'ठकास महाठक' ह्या म्हणीत थोडे कौतुकही आहे. गोष्टीतल्या ठकसेनाला आपण हसतो. इंग्रजीतला 'थग' मात्र हसण्याजोगा नाही. तो दांडगट, मारेकरी, गुंड. हा पालट आपल्या शेजारीच झाला. जबलपूर, नरसिंहपूर हा मुलूख १८१७ पर्यंत नागपुरकर भोसल्यांचा. तो इंग्रजांकडे गेल्यावर नरसिंहपुरास स्लीमन नावाचा अधिकारी आला आणि पुढे जबलपुरास बसून त्याने ठगांच्या बंदोबस्ताचे मोठे खाते चालविले. १८३६ साली त्याने ठगांच्या गुप्त बोलीचा एक कोशच 'रामसीआना' नावाने छापविला. वाटसरूंचे गळे आवळणाऱ्या टोळ्या होत्याच, खून झाले होतेच. त्यात वाद नाही. परंतु कोणता भटका ठग आणि कोणता निव्वळ भटका, हे पुष्कळदा माफीच्या साक्षीदाराच्या बोलण्यावरून ठरले. कायदाही असा झाला की, अमुक खून केला हे सिद्ध न होता केवळ टोळीतला म्हणून माणूस जन्मठेपेस जावा. लबाडाचा जो शब्द होता तो ह्या खात्याच्या मिसलींतून इंग्रजीत गेला, तो खुनी होऊन गेला.

हे सगळे मनात ठेवून आता लुटीकडे येऊ.

पेंढाऱ्यांनी नागपुरला दिलेला त्रास जुन्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जात असे. १८११ साली ते थेट राजधानीपर्यंत आले आणि शहराबाहेरची एक वस्ती त्यांनी जाळली. इंग्रज अशा बेशिस्त स्वारांना 'लूटी' किंवा 'लूटीवाला' म्हणत. लुटीवर जगणारा तो लूटी. शब्द आमचा, त्यातला तिरस्कार त्यांचा. आणि पेंढाऱ्यांच्या बाबतीत तो तिरस्कार आम्हांसही मान्य होता. ह्या लुटारूंचा बीमोड करण्यासाठी म्हणून १८१७ साली कंपनीच्या फौजा दोन्ही अंगांनी मध्य हिंदुस्थानात शिरल्या. त्याच धामधुमीत पेशवाई बुडाली. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली आणि डिसेंबरात नागपूर इंग्रजांच्या हाती पडले.

ह्या युद्धात इंग्रज फौजेच्या हाती जे जडजवाहीर आणि द्रव्य पडले, त्याला लूट म्हणाले नाहीत. त्याचे नाव 'डेक्कन प्राइझ'. आपल्या मुलाला प्राइझ म्हटले की शाळेतले बक्षीस आठवते. हा प्राइझ त्याहून निराळा आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'घेतलेले, पकडलेले' असा आहे. ह्या पैशाची वाटणी कशी व्हावी, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या सैन्याला त्यात भाग आहे की सर टॉमस हिस्लॉपच्या दक्षिणेतल्या सैन्याचाच तो हक्क आहे, ह्यावर विलायतेत वर्षानुवर्षे वाद चालला. वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन त्या निधीचा विश्वस्त होता. त्र्यंबकेश्वराचा म्हणून प्रसिद्ध असलेला नासिकचा हिरा ह्याच मालात विलायतेला गेला आणि विकला गेला. (जाता जाता सांगावयाचे म्हणजे, हा सेनापती हिस्लॉप आणि ज्यांच्या नावाचे आपल्याकडे कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्या दोन वेगळ्या व्यक्ती. हा घोटाळा आम्ही चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकला आहे.) पेंढाऱ्याने घेतली ती लूट; पेंढाऱ्याचा पाठलाग करणाऱ्याने घेतली ती प्राइझ, आणि तिचा निवाडा करावयाला वकील.

त्यानंतर छत्तीस वर्षांनी, ११ डिसेंबर १८५३ रोजी, तिसरे रघूजी वारले. त्यांना पुत्र नव्हता. १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता. तेव्हा प्राइझ म्हणावयाचीही सोय नव्हती. राजवाड्यातले हत्ती, उंट, घोडे, बैल सीताबर्डीवर आणून विकले, आणि तेही अगदी कवडीमोलाने. दागिने कलकत्त्याच्या बाजारात गेले. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध राणी बाकाबाई स्वभावाने सबुरीच्या. पण सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन असे त्याही म्हणाल्या. सामान गेलेच. ह्या सगळ्या प्रकाराला सरकारी शब्द होता 'सेल', आणि आपल्या लोकांच्या तोंडी आला तो 'लिलाव'. हा लिलावही मराठी नव्हे. तो आपण पोर्तुगिजांकडून घेतला. कोणी 'हर्रास' म्हणतात, तोही बाहेरचाच. घरातल्या वस्तू चव्हाट्यावर मांडून बोली बोलण्याचा हा प्रकार आपल्याला बहुधा नवीनच असावा. नाहीतर त्याला घरचा एखादा शब्द सापडला असता.

आता तिकडे 'लूट' ह्या शब्दाचे काय चालले होते ते पाहा. यूलच्या कोशात त्याची सगळी वाटचाल दिली आहे. १८४१ चे चीनचे युद्ध, १८५४-५५ चे क्रिमियाचे, आणि १८५७-५८ चा आपल्याकडचा उठाव, ह्या तीन मोहिमांतून हा शब्द गोऱ्या शिपायाच्या तोंडी बसला आणि तो बोलतबोलत घरी घेऊन गेला. ॲडमिरल स्मिथ नावाच्या एका विद्वान आरमारी अधिकाऱ्याने १८६४ साली नमूद केले आहे की, आपण १८४५ मध्ये हा शब्द लिहिला तेव्हा अपरिचित म्हणून तिरप्या ठशात छापावा लागला होता. आता दुर्दैवाने त्याची गरज राहिलेली नाही. एकोणीस वर्षांत शब्द सरळ उभा राहिला! मधल्या काळात दिल्ली पडली होती, लखनौचा कैसरबाग धुतला गेला होता. तेथेही कागदोपत्री 'प्राइझ एजंट' होतेच. दिल्लीच्या घरांच्या भिंती आणि जमिनी ते रीतसर खणत होते. पण त्यांच्या हाताखालचा शिपाई काय करतो आहे हे त्याला विचारले, तर तो प्राइझ म्हणत नसे. तो आमचाच शब्द सांगे.

१८६० साली पेकिंगचा उन्हाळी महाल इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी धुऊन काढला. तेथे सापडलेले एक लहानसे कुत्रे एका कॅप्टनाने विलायतेला नेऊन व्हिक्टोरिया राणीला नजर केले. त्या कुत्रीचे नाव ठेवले 'लूटी'. जो शब्द पेंढाऱ्याच्या कपाळी शिवी म्हणून मारला होता, तो चाळीस-पन्नास वर्षांत राणीच्या मांडीवर जाऊन बसला. लूटी १८७२ पर्यंत जगली.

अशा काळात, त्याच १८६४ साली, जॉन के ह्या इतिहासकाराने सत्तावनच्या उठावाचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्यात नागपुरच्या वाड्याची ही कथा सांगितली. के साहेबांना झाला प्रकार मुळीच आवडला नव्हता. त्यांनी तो स्पष्टपणे दोषास्पद ठरविला आणि त्यासाठी 'स्पोलिएशन' हा लॅटिन घराण्यातला भारदस्त शब्द योजिला. शिपायाचा चार अक्षरांचा शब्द त्यांच्या लेखणीपर्यंत तेव्हा पोहोचला होता की नव्हता कोण जाणे. आम्हांला वाटते, पोहोचला होता. पण इतिहासात लिहिण्याइतका तो सभ्य झालेला नव्हता. आमच्या मास्तरांनी तो खोडला त्याच्या मुळाशी हीच सभ्यता होती, फक्त ती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे येताना कारण विसरली. आणि योगायोग असा की, काळ्या दगडाचा, लाकडी कोरीव कामाचा भोसल्यांचा तो वाडाही १८६४ सालीच आगीत जळाला. नगारखाना तेवढा राहिला. बाकाबाई तेव्हा हयात नव्हत्या.

एक मात्र इंग्रजांनी नेले नाही. लुटणे ह्या आपल्या धातूचा दुसरा अर्थ येथेच राहिला. दसऱ्याला आपण सोने लुटतो ते घेण्यासाठी तितकेच देण्यासाठी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात, म्हणजे चक्क वाटतात. घरात तान्हे मूल असेल तर त्याला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, मुरमुरे, उसाचे करवे ओततात. गल्लीतली पोरे त्यांवर तुटून पडतात. पुण्याकडे ह्याला बोरन्हाण म्हणतात. आपल्याकडे त्याला 'लूट' असेच म्हणतात. "आज आमच्या नातवाची लूट आहे, याल ना?" असे निमंत्रण नागपुरात येते. मोल्सवर्थचा कोश जवळ असलेला एखादा रेसिडेन्सीतला साहेब हे निमंत्रण ऐकून काय समजला असता, ह्याची कल्पना करून आम्ही एकटेच हसलो आहोत.

सीताबर्डीचा किल्ला आजही सैन्याच्या ताब्यात आहे. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट अशा काही दिवशी तो आपल्याला उघडा असतो. वर जाऊन खाली पाहिले की बर्डीचा बाजार दिसतो. हत्ती आणि घोडे विकावयास आणले ते ह्याच बर्डीवर. दिवाळीच्या सुमारास तेथे दुकानादुकानांवर तांबड्या अक्षरांच्या पाट्या लागतात. काहींवर 'सेल' लिहिलेले असते आणि काहींवर 'लूट'.